चाळीस मायक्रॉन

बोहरी आळीत स्कूटर लावायला जागा मिळाली,
तिथेच दिवसाचं अर्धं नशीब संपलं.
मुर्तुझाभाईंनी काउंटरवर दोन यंत्रं मांडली.
एक सरळ गोल फिरणारं,
दुसरं फिरता फिरता झुलणारं,
एका जागी फार वेळ न थांबणारं.
"हे पहिलं कारागिराचं," ते म्हणाले,
"दुसरं हौशी माणसाचं. चुकलात तरी माफ करतं."

मी काही बोललो नाही.
अठ्ठावीस वर्षं भोसरीत ग्राइंडिंगवर काढली,
नख फिरवून सांगायचो, अजून किती घ्यायचंय.
पण ते पोलाद होतं,
आणि कंपनीचं होतं.

गाडी चौदा दिवसांची.
सावलीत काळी,
उन्हात जांभळं खाल्लेल्या जिभेसारखी.
तिसऱ्या दिवशी तुळशीरामने
सोसायटीतल्या बावीस गाड्या पुसलेल्या फडक्याने
मोठ्या मायेने हीही पुसली.
रात्री पार्किंगच्या ट्यूबखाली पाहतो तर
बॉनेटभर कोळिष्टक.

मग पॅड.
लोकरीचा दांडगट, तो आधीच बाजूला सारला.
नारिंगी, पिवळा, काळा, सगळे स्पंजाचे,
एकेक दाबून पाहिला, देठाजवळ हापूस दाबतात तसा.
पिवळा कापतो. काळा नुसता समजूत काढतो.
लोकांना वाटतं पॉलिश म्हणजे काहीतरी लावणं.
पॉलिश म्हणजे काढणं.
ओरखडा भरून येत नसतो,
त्याच्या तळापर्यंत भोवतालची जमीन उतरवायची
आणि वर उरेल त्याला चकाकी म्हणायचं.
रंगावरचा काचेसारखा थर चाळीस मायक्रॉन.
डोक्यावरचा केस सत्तर.
निवृत्तीच्या पैशातली जवळजवळ निम्मी रक्कम
अर्ध्या केसावर चमकत उभी होती.

माफ करणारं यंत्र घेतलं.
दोन पिवळे, एक काळा.
घासाघीस केल्यावर पिस्ता रंगाचं फडकं फुकट.

रविवारी भंगारातल्या एका दारावर हात बसवला.
कडेला जरा रेंगाळलो
तर खालचा प्रायमर वर आला, पांढरा,
डांबरावर गुडघा फुटतो तसा.
बरं झालं. ते दार कुणाचंच नव्हतं.

सोमवारी गाडी धुतली, कडांना टेप लावली,
टॉर्च तिरपा धरला.
कोळिष्टकाच्या खाली निराळंच काही होतं:
चार वळलेले हात, चार ठिपके.
शोरूममध्ये शैलजाने अनामिकेने काढलेलं स्वस्तिक.
कुंकू केव्हाच धुऊन गेलेलं,
त्यातली कचकच मात्र रंगात उतरलेली
तिच्या बोटाच्या दाबासकट.
पहिली रेघ ठाम.
शेवटची घाईची, कारण मागे
पुढचं गिऱ्हाईक नारळ घेऊन उभं होतं.

यंत्र हातात, बंद.
पिवळा की काळा, एवढा साधा प्रश्न
घशाशी आला.
टेपचा चौकोन करून तेवढी जागा सोडावी का,
असंही मनात येऊन गेलं. टेप कापलीसुद्धा.

ती चहा घेऊन खाली आली. दाखवलं.
चष्मा कपाळावर ढकलून वाकली, बराच वेळ बघितलं.
"वाकडंच आलंय," म्हणाली. "काढून टाका.
दसऱ्याला नीट काढीन. कुंकू चाळून घेईन.
आणि ह्यालाही एक बोट लावीन,
तुमचं शस्त्रच की हे."

एका वेळेला दोन मायक्रॉन.
निम्मा थर उन्हासाठी राखायचा.
म्हणजे दहा दसरे.
मी एकसष्टचा, गुडघे त्याहून मोठे,
हिशोब चहा संपेपर्यंत तोंडीच झाला.

काळा पॅड चढवला.
वाटाण्याएवढे चार थेंब.
ती म्हणाली, थांबा,
आणि बोटाने एकदा त्या रेघांवरून फिरवून बघितलं,
हाताला लागतं का.

लागत नव्हतं.
मग मी बटण दाबलं, सगळ्यात हळू वेगावर.